कात्रीतली फिल्म

आमचे सर फार हुशार, असं सगळे म्हणत. मला त्यांची हुशारी जवळून पाहायला मिळाली ती कात्री चालवताना.

ऐंशी सालाच्या पुढेमागे मी शहरातल्या एका संशोधन संस्थेत होतो. यकृताच्या कॅन्सरच्या गाठीत काविळीच्या विषाणूचा डीएनए आहे का, हे आम्ही शोधायचो. गाठीतला डीएनए वेगळा करून त्याचा थेंब खास कागदावर टाकायचा आणि त्यावर विषाणूच्या डीएनएचा किरणोत्सर्गी तुकडा सोडायचा. जुळला तर तो तिथेच चिकटतो आणि वर ठेवलेल्या एक्स-रे फिल्मवर काळा ठिपका उमटतो.

लोणारचे आमचे शेजारी, किराणा दुकानवाले काका, याच आजारानं गेले. ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा काकूंना विचारून आमच्याकडे आला. फिल्म धुतली, तर काकांच्या थेंबाच्या जागी ठिपका होता. पण त्याच्या उजवीकडचा शेजारचा थेंब अपघातात गेलेल्या एका धडधाकट माणसाच्या यकृताचा होता. ती जागा कोरी राहायला हवी होती, आणि तिथंही तितकाच काळा ठिपका! म्हणजे आमच्याच कुठल्यातरी द्रावणात विषाणूचा डीएनए मिसळला होता. तपासणी वाया गेली होती.

मी सरांना तसं सांगितलं. ते हसले. "तुम्हा वऱ्हाडच्या लोकांना सगळीकडे काळंच दिसतं वाटतं." मग कात्री घेऊन त्यांनी शेजारचा ठिपका सफाईनं कापून टाकला. "असली अडगळ पाहून लोक गोंधळतात."

सरांची सासुरवाडी मेहकरची. तिथल्या एका मंडळानं जावईबापूंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार झाले. मग पडद्यावर तो एकुलता एक ठिपका झळकला. "हा रुग्ण तुमच्याच भागातला," सर घसा साफ करून म्हणाले, "लोणारचा एक किराणा व्यापारी." नाव न घेण्याचा सभ्यपणा त्यांनी कटाक्षानं पाळला होता. लोणारमध्ये असे किती व्यापारी यकृताच्या कॅन्सरनं गेले होते, हे सभागृहातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

काकूंच्या मुलीचं लग्न मेहकरलाच ठरलं होतं, आणि होणारे व्याही दुसऱ्या रांगेत बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला: विषाणू म्हणजे लागण, घरात असला रोग नको.

मी काकूंकडे गेलो, सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे त्या नीट माणसालेबी डाग होता?"

"हो काकू."

"मंग त्याच्या पोरीचं लगन मोडलं काय रे?"

परत गेल्यावर मी सगळी द्रावणं फेकली, नवी बनवली आणि उरलेल्या तुकड्यावर तपासणी पुन्हा केली. विषाणूचा डीएनए मुद्दाम घातलेला थेंब काळा आला, म्हणजे तपासणी नीट चालली होती. धडधाकट माणसाची जागा कोरी, काकांचीही कोरी. सरांनी फिल्म पाहिली आणि कापलेल्या फिल्मचं चित्र घालून छापून आलेल्या आपल्या निबंधाची दुरुस्ती छापायला साफ नकार दिला. संस्थेची अब्रू जाते म्हणे. अब्रू संस्थेलाच असते!

फिल्म घेऊन मी मेहकरला व्याह्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, मी काकांची जागा बोटानं दाखवली.

"तुमच्या काकांच्या जागी तं काहीच दिसत नाही."

"तेच सांगायला आलोय."

"साहेबानं तं दाखवलं होतं. तुम्ही कोरं दाखवून राह्यले. कोनाचं खरं मानावं?"

आतून चहा आला. मी तो घेतला नाही.

मुलीनंच पुढं सांगितलं की ते आता परत आले तरी तिला त्या घरात जायचं नाही. दोनेक वर्षांनी सुलतानपूरच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. मी तोवर नोकरी सोडून कॉलेजात शिकवायला लागलो होतो. सरांना पुढं बढती मिळाली, त्याच शोधासाठी. तो निबंध आजही ग्रंथालयात आहे, आणि चित्रातली उजवी कड जराशी तिरकी आहे.