काठीसाठी आणलेली चांदी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी अजून रागावलेलो आहे, आणि रागावलेला माणूस बोलत असताना मध्येच कुणी हसलेलं बरं दिसत नाही. चहा घ्या. सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, हिंडलग्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी क्यू करतो. क्यू म्हणजे पूल-बिलियर्ड्सच्या टेबलावर ज्यानं चेंडू मारतात ती लांब काठी. लेथवर लाकूड लावायचं, केसाएवढं उतरवायचं, आठ दिवस तसंच ठेवायचं, मग पुन्हा केसाएवढं उतरवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत गेलो आणि प्रत्येक चूक वहीत लिहीत गेलो. सोळा वह्या झाल्या. लाकूड कुठून आलं, कुठे ठेवलं, त्या दिवशी हवा दमट होती की कोरडी, सगळं त्यात आहे. बायको म्हणते, तुम्ही जेवलात की नाही तेसुद्धा वहीत बघून सांगाल. सांगतो. त्यात वाईट काय आहे?

क्यूच्या मुठीवर मी चांदीची नक्षी बसवतो. काळ्या शिसवात कोयरीच्या आकाराची खाच कोरायची, तेवढ्याच आकाराचा चांदीचा पत्रा कापायचा आणि तो असा बसवायचा की वरून बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं नि चांदी कुठे सुरू झाली ते कळू नये. ही चांदी मी निपाणीच्या सदाशिव आप्पांकडून आणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं होतं. "काठीला चांदी? कोण चोपदार हाय का राजाचा?" पण पत्रा असा सारखा ओढून दिला की मी दुसरीकडे कधी गेलो नाही. बारा वर्षं झाली.

तर यंदा बेळगावच्या एका क्लबातल्या जुन्या खेळाडूंनी त्यांच्या सरांसाठी क्यू सांगितला. सर आता सत्तरीचे. या सगळ्यांना काठी धरायला त्यांनीच शिकवलं. मुठीवर चार कोयऱ्या आणि खाली चांदीचं कडं. सत्कार रविवारी. खाचा कोरण्यात माझा महिना गेला. गुरुवारी सकाळी जपून ठेवलेली चांदीची पुडी काढली, शेडमध्ये नेली, उघडली.

काळी!

मळकट म्हणत नाही मी. तव्याच्या बुडासारखी काळी. अंगठ्यानं घासलं तर काळं अंगठ्याला लागलं आणि खालून पिवळट काहीतरी डोकावलं. झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वरून मुलामा, आत भलताच धातू. ज्या माणसाच्या हातची चांदी बारा वर्षं डोळे मिटून घेतली, त्यानं मला फसवलं होतं. आणि रविवार तीन दिवसांवर. तुम्हाला राग आला नसता?

मी चप्पल घालत होतो तेव्हा बायकोनं आतून विचारलं, "ठेवली कुठं होती?"

मी म्हटलं, ठेवण्याचा काय संबंध? खोट घेण्यात झालीय. वही पिशवीत टाकली आणि निघालो.

बसमध्ये शेजारी उचगावचे एक गृहस्थ बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना इतका राग आला की मला बरं वाटलं. संकेश्वर येईपर्यंत त्यांना आठवलं की त्यांच्या वहिनीच्या जोडव्यांनासुद्धा असाच काळा डाग पडला होता. जोडवी कुठून घेतली होती ते त्यांना आठवेना, पण निपाणीच असणार असं आमचं दोघांचं ठरलं. मी उतरलो तेव्हा आप्पांनी अर्धा जिल्हा लुबाडला होता.

दुकानात आप्पांसमोर एक कुटुंब बसलं होतं. मुलीचं लग्न, पैंजण घ्यायला आलेले. मुलीचे वडील गप्प, आणि मुलीची आत्या एकेक जोड कानाजवळ नेऊन हलवून बघतेय. आता तुम्ही म्हणाल, थांबायचं होतं. बरोबर आहे. थांबायला हवं होतं. पण मी त्या पैंजणांच्या शेजारी माझी पुडी उघडून ठेवली आणि म्हटलं, "आप्पा, ही चांदी नाही."

आत्यानं हातातले पैंजण हळूच तबकात परत ठेवले. त्या घुंगरांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आप्पा चिडले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. खरा माणूस चिडतो की नाही? त्यांनी पत्रा उचलला, कसोटीच्या दगडावर ओढला, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला, मग मिठाच्या पाण्याचा. रेघ दुधासारखी पांढरी झाली. दगड माझ्याकडे फिरवून ते म्हणाले, "बघा. चांदीच हाय."

आणि इथं मी ते वाक्य बोललो.

"दगड तुमचा, तेजाब तुमचं, पाणीही तुमचंच."

आप्पांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "वडलांपासनं हितं बसतो मी," ते म्हणाले. "असं कोन बोललं न्हाय." मग ते गादीवरून उठले. त्यांना मी उठलेलं कधी बघितलंच नव्हतं, गुडघे गेलेत त्यांचे. भिंतीला धरून चप्पल घातली. "चला समोर."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं दुसरं सराफाचं दुकान. या दोघांचं एका गटारीवरून भांडण झालेलं आणि तेव्हापासून बोलणं बंद, हे मला आप्पांनीच कधीतरी सांगितलेलं. अख्ख्या बाजाराला ठाऊक. आणि तो माणूस माझ्या बोटभर पत्र्यासाठी रस्ता ओलांडत होता. मला तेव्हाच वाटायला हवं होतं काहीतरी. मला वाटलं, नाटक!

आत्या उठली. "आमी बी येतो. लग्नाचा जिन्नस हाय." तिच्यामागून मुलीचे वडील, त्यांच्यामागून दोन बायका. पुढे आप्पा लंगडत, मागे मी, आणि माझ्यामागे सगळं वऱ्हाड.

समोरच्या सराफाला आप्पांना दारात बघून आधी घाम फुटला, मग प्रकरण कळल्यावर तेज चढलं. शत्रूची खोट काढायची संधी अशी घरी चालत येते का कधी? त्यानं पत्रा एकदा ओढला. पुन्हा ओढला. मागची बाजू ओढली. शेवटी दात काढायला बसल्यासारखं तोंड करून म्हणाला, "चोख हाय."

आप्पांनी हातातला चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मग त्या सराफानं पत्रा उजेडाकडे धरला, नाकाजवळ नेला आणि दोनदा शिंकला. डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. "ह्ये ठेवलं कुठं हुतं, मालक?"

अहो, याचीच मी वाट बघत होतो! माझ्या ठेवण्यावर संशय? माझ्या? मी पिशवीतून वही काढली. म्हटलं, माझ्याकडे प्रत्येक वस्तूची नोंद असते, ऐका. आणि भर दुकानात, खणखणीत आवाजात, महिन्यापूर्वीची नोंद वाचायला सुरुवात केली.

"चांदीचा पत्रा, निपाणीहून. बटर पेपरमध्ये गुंडाळून वर सुती फडकं. मागच्या गल्लीत पाण्याची मोटार चोरीला गेल्यानं कपाटात ठेवला नाही. चोर तांदळाचा डबा बघतात, देव्हाराही बघतात. सबब चटणीच्या मोठ्या डब्यात, अगदी तळाशी. चोर चटणीत हात..."

शेवटचे दोन शब्द मी मनात वाचले.

आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, हे सांगायला नको. मिरच्या कांडताना त्यात कांदा आणि भरपूर लसूण. डब्याचं झाकण उघडलं की शेजारच्या घरात कळतं.

"कांदा-लसणाच्या चटणीत?" आत्या म्हणाली. "म्हैनाभर?" आणि ती त्या दुकानातल्या बाकावर बसलीच. पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग मला समजावून सांगू लागली, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. "दादा, लई लसूण सोलायचा असला की आमी चांदीची अंगठी काढून ठिवतो. काळी पडती. बारक्या पोरींना बी ठावं हाय ह्ये."

बारक्या पोरींना! सोळा वह्या लिहिल्या मी.

समोरचा सराफ हसायला लागला. मग आप्पा. दोघं एकमेकांकडे बघत, मांडीवर हात मारत हसत होते. गटारीचं भांडण माझ्या चटणीत मिटलं. चहा मागवला गेला. मला हवा का, हे कुणी विचारलं नाही, नुसता कप हातात दिला. आणि त्या गोंधळात आत्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की चटणी कुणी केली, पत्र्याला अजून किती छान वास आहे.

आप्पांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. मग वऱ्हाडाला घेऊन परत आपल्या गादीवर गेले. आत्यानं तेच पैंजण घेतले, पुन्हा न हलवता. ते लोक गेल्यावर आप्पांनी पत्रा तापवला, आंबट पाण्यात बुडवला, रिठ्यानं घासला. पहिल्यासारखा पांढराशुभ्र. एवढंच काम होतं.

क्यू रविवारी वेळेवर गेला. सरांनी डोळे मिटून मुठीवरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला. कोयरीची कड सापडली नाही त्यांना. हेही वहीत लिहिलं आहे.

पण माझा राग गेला नाही. राग कुणाचा म्हणून विचारू नका. त्या चोराचा धरा, जो आलाच नाही.

हल्ली आप्पा चांदी देतात ती एका अटीवर. पुडी वहिनींच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात द्यायची. मी देतो. काम निघालं की शेडमधून घरात जातो आणि मागतो. बायको आधी माझे हात नाकाशी नेऊन वास घेते, मग मला बाहेर उभं करते, आत काहीतरी उघडल्याचा आवाज येतो आणि पुडी येते.

सतराव्या वहीतली पहिलीच नोंद आहे: चांदीचा पत्रा, निपाणीहून. ठेवला, बायकोनं. जागा, माहीत नाही.