बंद दारांपुढे मांडी

मेणाच्या पॉलिशचा वास आला की मला जर्मनीतल्या हॅनोव्हरजवळच्या खेड्यातलं ते थंडगार चर्च आठवतं. दोन हजार सहा-सात साल असेल. सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या आणि शुक्रवारी परत जाणार होत्या. वेदीमागे कपाटाएवढा, पाचशे वर्षांपूर्वीचा लाकडी देव्हारा होता. आतल्या कोरीव, सोनेरी मूर्ती बघायला आम्ही मुद्दाम गेलो, तर त्याची रंगवलेली दोन्ही दारं बंद. "नैवेद्य चालू असेल, थांबू या," म्हणत सासूबाईंनी बूट काढले आणि थेट फरशीवर मांडी घातली. चर्च सांभाळणारे आजोबा लगबगीनं आले. दारं फक्त रविवारी उघडतात आणि इथे बूट काढायचे नसतात, असं त्यांनी मला बजावलं. माझे कान तापले. "अहो आई, उठा ना, शोभतं का हे?" त्या हलल्या नाहीत. "त्यांना सांग, रविवारी मी इथे नसणार. दारात आलेय तर दर्शन घेऊनच उठेन. आणि देवासमोर बूट? मुळीच नाही." मी अडखळत ते जर्मनमध्ये सांगितलं. आजोबा सासूबाईंच्या लोकरी मोज्यांकडे बघत राहिले, मग "आल्झो गूट", म्हणजे 'बरं तर', असं पुटपुटत त्यांनी खिशातून किल्ली काढली. दारं करकरत उघडली, आतून बाळाला कडेवर घेतलेली मेरी झळकली आणि सासूबाईंनी हात जोडले. त्या वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात त्याच चर्चमध्ये एका बाईंनी माझ्या बूट काढलेल्या पायांकडे बघून नाक मुरडलं. मी बूट आणखी लांब सरकवले आणि मांडी घातली.