फोर्कलिफ्टचा नवा भोंगा

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी प्रेस मशीन चालवतो, तिथे एकदा कान तपासायला एक मुलगी आली. गोंगाटात काम करणाऱ्यांना किती ऐकू येतं, यावर ती पीएच.डी. करत होती. साहेबांनी तिला कँटीनमागची खोली लगेच दिली. साधा पंखा मागितला तरी महिनोन् महिने लागतात, आणि खोली लगेच? आमच्या मनात पाल चुकचुकली. ज्यांचे कान गेलेत त्यांना घरी बसवायचा हा डाव, असं आम्ही धरूनच चाललो.

शेजारच्या मशीनवरचा माझा जोडीदार जास्तच धास्तावला होता. थोड्याच दिवसांपूर्वी माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिव्हर्समध्ये येत असताना तिच्याखाली तो येता येता वाचला होता. गाडीचा भोंगा चिंचिं वाजत होता, असं ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. सुपरवायझरने जोडीदारालाच सगळ्यांदेखत बेफिकीर ठरवलं. चहाच्या वेळी तो मला हळूच म्हणाला, त्याला आवाज आलाच नव्हता. मीही तिथेच पाठमोरा उभा होतो. मलाही आला नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा आधी त्या मुलीला विचारलं, या माहितीचं पुढे काय करणार?

"नाव कुठेच लिहिणार नाही, काका. आकडे तेवढे इंटरनेटवर ठेवणार, कुणालाही वापरता येतील असे."

त्या 'कुणालाही'नेच मी जास्त सावध झालो. पण नकार दिला असता तर लपवण्यासारखं काही आहे, हे उघड झालं असतं. कानाला हेडफोन लावून बसलो. आवाज आला की बटण दाबायचं होतं. जाड आवाज नीट आले, मग बराच वेळ काहीच नाही. मशीन बंद पडलं असेल म्हणून वर पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. नंतर तिने समजावलं की चढे, बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. साहेबांना सांगू नका, म्हणालो. त्यांनी विचारलं तरी सांगणार नाही, असं ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी फोर्कलिफ्टवरचा जुना भोंगा काढून नवा बसवताना दिसला. आवाज जाडाभरडा, वर पिवळा दिवाही. नेमका आम्हाला ऐकू येईल असाच. पोरगी साहेबांकडे बोलली, एवढंच डोक्यात. भोंगा बसवणारा माणूस बाहेर पडला तसा त्याला गेटवर गाठला आणि आमच्या कानांचं तुला कुणी सांगितलं, असं सरळ विचारलं.

मागच्या गल्लीत त्याचं भोंग्यांचं छोटं वर्कशॉप होतं. त्याने मला चहाच्या टपरीवर बसवून मोबाइल उघडला. भोंगा वाजतो पण लोक हलत नाहीत, अशा तक्रारी त्याच्याकडे सारख्या यायच्या. कारण शोधता शोधता त्याला इंटरनेटवर त्या मुलीचे आकडे सापडले. कितीतरी कारखान्यांतल्या कामगारांना किती ऐकू येतं ते दाखवणाऱ्या आलेखाच्या रेषा होत्या त्या, आणि बहुतेक सगळ्या चढ्या आवाजापाशी खाली कोसळत होत्या.

"माणसं बेफिकीर नव्हती," तो म्हणाला, "भोंगाच चुकीचा होता."

त्या रेषांत मी माझी शोधत राहिलो. सापडली नाही.

तिचा नंबर मिळवून फोन केला. भोंग्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. तो नवा भोंगा कुठल्या कुठल्या कारखान्यांत बसवलाय, म्हणून ती विचारू लागली. ही कशाला विचारतेय, असं मनात आलंच. मी ठाऊक नाही म्हणून टाकलं.

पुढे एक दिवस जोडीदार पाठमोरा उभा राहून माझ्याशी बोलत होता. मागून फोर्कलिफ्ट आली. बोलणं न थांबवता तो दोन पावलं बाजूला झाला.

घरी कुणालाच बसवलं नाही. निदान अजून तरी. परवा मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. सातपुरात दवाखाने आहेत, पण गेलो गंगापूर रोडला. तिथे आमच्या कारखान्यातलं कुणी भेटण्याची शक्यता कमी.