मगदूम सर आणि एक खोडलेला शब्द

वर्गात कुणी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं, की मगदूम सर डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "बरं. पण हे म्हणतंय कोण?" लेखकाचं नाव सांगितलं की मान हलवायचे. नाव त्यांना नको असायचं. असंच बोलायचं हे ठरवलं कुणी आणि त्या बोलण्यात कुणाला जागाच उरली नाही, ते हवं असायचं.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवत. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माधवनगरला गिरणीजवळ एका खोलीत राहत, खानावळीत जेवत. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांना 'डिस्कोर्स' हा शब्द भेटला होता आणि त्याला मराठी प्रतिशब्द सापडेना, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. एकदा म्हणाले, "शब्दकोशात 'प्रवचन' दिलंय. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. अगदीच चूक नाही." आम्ही हसलो. कळलं कुणालाच नव्हतं.

कळलं ते बहात्तरच्या दुष्काळात. जतकडे रस्त्याच्या कामावर सर आम्हा सहा जणांना पाहणीसाठी घेऊन गेले. छापील फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, 'टंचाईमुळे आपली कोणती गैरसोय झाली?' खडी फोडणाऱ्या एका बाईला मी तो वाचून दाखवला. तिनं हातोडी खाली ठेवली.

"टंचाई रॉकेलची आसती, बाई. ह्यो दुष्काळ हाय. आन् गैरसोय कसली? माझी सासू गेली."

मी फॉर्मवर जागा शोधू लागले. पाणी, चारा, धान्य असे चौकोन होते. सासूसाठी चौकोन नव्हता.

सर मागेच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "बघ, इथं खोटं कुणीच बोललेलं नाही. फक्त हिचं खरं लिहायला जागा ठेवलेली नाही. डिस्कोर्स म्हणतात तो हाच." मग त्यांनी फॉर्म घेतला, 'टंचाई' खोडून 'दुष्काळ' लिहिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. त्या दिवशी आम्ही सगळे फॉर्म तसेच भरले.

प्राचार्यांना ते चालणार नव्हतं; पाहणी सरकारी होती. सरांनी पुन्हा भरायला नकार दिला, तेव्हा प्राचार्यांनी कोरे फॉर्म आमच्या हातात दिले. परीक्षा तोंडावर होती. आम्ही सहाही जणांनी ते भरले. माझं लिहिणं चालू असताना सर टेबलाशी थांबले. 'गैरसोय : पाणी' हे त्यांनी वाचलं.

"अक्षर छान आहे तुझं," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांना कुणी चहाला हाक मारेना. पुढच्या वर्षी नेमणूकही वाढवली नाही. ते एका छापखान्यात प्रुफं तपासू लागले.

मला साताऱ्याला कचेरीत नोकरी लागली. निघण्याआधी त्यांना भेटले. आता असेच अहवाल लिहावे लागणार, हे खाली मान घालून सांगितलं. सर क्वचितच गावाकडची बोली बोलत, त्या दिवशी बोलले.

"लिही की. पोट हाय. पण लिहिता लिहिता तुला ते खरं वाटाय लागलं, की मला पत्र टाक."

तीन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ कचेरीत आले. गावातल्या विहिरी आटल्याचं सांगत होते. मी टंचाईग्रस्त गावांची यादी बघून म्हणाले, "तुमचं गाव यात नाही. म्हणजे तिथं तसं काही झालेलं नाही." ते उठून गेले. जिना उतरणाऱ्या त्यांच्या काठीचा आवाज मी ऐकत बसले, तेव्हा जाणवलं, मी हे अगदी मनापासून बोलले होते. त्याच दिवशी सरांना पत्र टाकलं. महिनाभर उत्तर आलं नाही, म्हणून सांगलीला गेले.

घरमालक दारातच भेटले. मास्तर जाऊन दोन महिने झाले होते.

"तुमी त्यांच्या कोण?"

मी विद्यार्थिनी म्हणून सांगितलं.

"कवा कुणी आलं न्हाई त्यांच्याकडं," ते म्हणाले आणि आतून माझं पाकीट आणून दिलं. न फोडलेलं.

परतीच्या एसटीत मी ते उघडलं. इतक्या तळमळीनं लिहिलेलं ते पत्र असं सुरू होत होतं : 'आपणांस सविनय कळविण्यात येते की...'