सरकार धरून चालतं

प्राप्तिकरावर जीव जडलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. अर्थात हा जीव जडला तो माझ्याच मूर्खपणामुळे. सासुरवाडीत कुणाचं तरी बारसं होतं, जेवण अंगावर आलं होतं आणि समोर आमचे साडू बसले होते. स्वतःच्या दहा चाकी ट्रकचे मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. त्यांनी सहज विचारलं, "साडूभाऊ, ते इन्कम टॅक्सचं भरतेत, त्यात आमच्यासारख्याला काय सुटतं हो?" मी पाटबंधारे खात्यातला कारकून. माझा कर पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण सासुरवाडीत "मला माहीत नाही" म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. मी सुपारी कातरत म्हणालो, "त्यात काय, गाडीसाठी जे जे लागतं ते सगळं वजा होतं."

"सगळं?"

"सगळं."

साडूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, जेवणाने गुंगी आली. ती गुंगी पुढे कित्येक वर्षं उतरली नाही.

त्या दिवसापासून दिंद्रुडच्या त्यांच्या घरात गाडीसाठी नाही असं काही उरलंच नाही. दाढी-कटिंग गाडीसाठी, कारण ड्रायव्हर गबाळा दिसला की नाक्यावर अडवतात. धारूरच्या घाटात फोडलेला नारळ ब्रेकच्या खर्चात. गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नात दिलेलं पातेलं दुरुस्तीत. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, त्यांनी एका दिवाळीला जरीची साडी आणली, तीही देखभालीत. "दसऱ्याला गाडीची पूजा हीच करती. फाटक्या लुगड्यानं करायची का?" आमच्या घरी ते टोपलीभर सीताफळं पाठवत, ती जाहिरातीत धरलेली असत. आम्ही आठवडाभर सकाळ-संध्याकाळ जाहिरात खात होतो. आमच्या सत्यनारायणाला आरतीच्या ताटात नोट टाकून त्यांनी भटजींकडे पावती मागितली तेव्हा मात्र माझी बायको आत जाऊन पदरात तोंड खुपसून हसली. वडवणीच्या बाजारात लिंबू-मिरची विकणाऱ्या बाईलाही त्यांनी पावती मागून पाहिली. ती म्हणाली, "लिंबू घ्यायचं तर घे, न्हाई तर पुढं हो. बोहणीच्या टायमाला डोकं खाऊ नको." साडू लिंबू घेऊन पुढे झाले.

या सगळ्या पावत्या ते ड्रायव्हरच्या गादीच्या खोळीत सारत. गादी हळूहळू उंच होत गेली. शेवटी शेवटी त्यांचं डोकं टपाला लागायला लागलं आणि ते शेजारून जाणाऱ्या ट्रककडे हत्तीवरून बघावं तसं बघू लागले.

मग एका जुलैत मी त्यांना माजलगावच्या करसल्लागार मॅडमकडे घेऊन गेलो. साडू गादीच खांद्यावर टाकून जिना चढले. मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, यातलं एकही बिल लागत नाही. तुमच्यासारख्या ट्रकवाल्यांना सोपी पद्धत आहे. गाडीचं वजन बघायचं, ती किती महिने तुमच्या नावावर होती ते बघायचं. तेवढ्या महिन्यांत गाडीनं अमुक एक कमावलंच, असं सरकार धरून चालतं. सगळा खर्च त्यातच आला."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेरच्या केळ्यांच्या हातगाडीकडे बघितलं.

"अन् महिनाभर गाडी लिंबाखाली उभीच असली तर?" त्यांनी विचारलं.

"तरी कमावलं असंच धरून चालतं."

"भरून पळाली का रिकामी?"

"ते विचारत नाहीत. महिन्यातला एकच दिवस जरी गाडी तुमची असली ना, तरी पूर्ण महिना धरतात."

मला वाटलं, आता हा माणूस मला जिन्यावरून ढकलणार. पण खाली उतरताना त्यांचा चेहरा देवळातून बाहेर पडल्यासारखा झाला होता. "साडूभाऊ, सरकार लई मोठ्या मनाचं हाय हो. आपुन झोपलो तरी आपली गाडी पळतीया म्हणतंय." कर म्हणाल तर त्यांना बसलाच नाही, तेवढी कमाईच नव्हती. याचं त्यांना जरा वाईटही वाटलं. पावत्या मात्र त्यांनी फेकल्या नाहीत. गादी पुन्हा जागेवर गेली, कारण एव्हाना उंचीची सवय झाली होती.

तेव्हापासून भाडं नसलं तरी साडू चिडचिड करीनासे झाले. लिंबाच्या सावलीत गाडी उभी, शेजारी बाजेवर हे आडवे, आणि वर पानांची सळसळ. मी गेलो की हळूच विचारायचे, "सरकारच्या हिशोबात आत्ता गाडी कुठं असंल हो?" मी म्हणायचो, नगर. ते म्हणायचे, "न्हाई, त्याच्या बी पुढं गेली असंल." त्यांनी आयुष्यभर कापसाच्या गाठी वाहिल्या, सोयाबीन वाहिलं, सीताफळं पुण्याला पोचवली, पण समुद्राकडचं भाडं काही त्यांना कधी मिळालं नाही. सरकारची गाडी मात्र हळूहळू घाट उतरू लागली होती.

मागच्या वर्षी क्लचचा गुडघा गेला. क्लचचा गुडघा म्हणजे डावा. शरीराचे अवयव ते असेच ओळखतात. ऑपरेशन झालं आणि बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण ट्रक विसरा. रोज सकाळी साडू ट्रकच्या बॉनेटला हात लावून निघत आणि मागच्या फाळक्यापर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत. "सरकार बी गाडी धरून चालतंय," ते म्हणाले, "अन् मी बी गाडी धरूनच चालतोय." ते हसले. ताई हसल्या नाहीत. गाडी विकायचं ताईंनी ठरवलं होतं. उभ्या गाडीकडे बघत हा माणूसही असाच उभ्या उभ्या गंजून जाईल, ही त्यांची भीती होती. "तुमी तरी सांगा त्यांना," असं त्या मला म्हणाल्या. पण सांगून बसलेलं एक वाक्य मला अजून पुरत होतं.

धारूरचा एक बागवान गाडी बघायला आला. त्याला फळांच्या वाहतुकीसाठी हवी होती. व्यवहार पटला, कागद तयार झाले आणि सहीच्या वेळी साडूंनी पेन खाली ठेवलं. महिन्याचा शेवटचा दिवस होता.

"उद्या या," ते म्हणाले.

"कावून चाचा? आज काय वाईट हाय?"

"वाईट काय न्हाई. उद्या एक तारीख हाय."

ताई आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली. त्यांना वाटलं, हे फिरले. आता गाडी जात नाही आणि गुडघाही बरा होत नाही. मलाही तसंच वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडू अंघोळ करून ओट्यावर बसले होते. गाडी पुसलेली होती. बागवान आला, सह्या झाल्या. ताईंनी जरीची तीच साडी नेसून गाडीला हळदीकुंकू लावलं. गादी तेवढी साडूंनी काढून घेतली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एका दिवसाचा बी पुरा महिना धरतेत ना, साडूभाऊ?"

"धरतात."

"मग ह्या महिन्यात गाड्या दोन हायत. एक त्याची, एक माझी."

त्या महिन्याच्या अखेरीस मी आणि बायको पुन्हा दिंद्रुडला गेलो. लिंबाखाली चाकांच्या जागी अजून गवत उगवलं नव्हतं. साडू गादीवर उंच बसले होते. मी विचारलं, "आज कुठं आहे गाडी?"

"समुद्राला लागली," ते डोळे न उघडता म्हणाले. "रिकामीच हाय. लई सुखात पळतीया."

मग ते उठले. हात टेकायला काही नव्हतं. दोन पावलं अडखळले आणि पुढे आलेल्या ताईंचा खांदा धरून सावकाश आत गेले.

परतीच्या एसटीत मी बायकोला म्हणालो, "तुझे दाजी म्हणजे अगदीच वेडे आहेत." वडवणी आली तशी तिने खिडकीची काच सरकवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही रिटायर व्हाल ना, तेव्हा पुढच्या एक तारखेला एकदा हापिसात जाऊन या. तेवढा एक महिना मी धरून चालेन, की तुम्ही घरी नाहीत."