रांगेतली पाचवी जागा

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आजही नाही. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, आणि वडावरच्या हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना तासभर बाकावर उभं केलं. या सदरात लोक जे लिहितात ते वाचून कधीकधी हसतोसुद्धा. पण वय आता एकोणऐंशी आहे, सांगलीत मुलाकडे असतो, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर जे दोघे होते ते दोघेही आता नाहीत. माझ्यानंतर हे सांगायला कोणी उरणार नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव रहिमतपूरपासून पायी तासाभरावर. लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, स्वातंत्र्य अजून यायचं होतं. मी गावच्या शाळेत नवा मास्तर. माझे दोन जिवलग मित्र — रहिमतपूरच्या पेठेतला इस्माईल शिंपी आणि आमच्याच गावचा शिवराम. तिघे सातवीपर्यंत एका वर्गात होतो. लढाईच्या सुरुवातीला शिवराम आणि मी साताऱ्याला भरतीला गेलो होतो. माझी छाती अर्धा इंच कमी भरली, मी परत आलो. शिवराम गेला. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेला आणि इटलीत डोंगराखालच्या एका छावणीत युद्धकैदी म्हणून दोन हिवाळे राहिला. आला तेव्हा हाडांचा सापळा होता. पण धड होता, हसत होता.

फक्त एक गोष्ट होती. तो परत आलाय, हे त्याला मान्यच नव्हतं.

म्हणजे वेडाबिडा नव्हता हो. शेत बघायचा, बैल बांधायचा, गावकीत बोलायचा. पण त्याचं म्हणणं असं, की आपण अजून त्या छावणीतच आहोत, कुंपणाच्या तारेला टेकून बसलोय, आणि उपाशी पोटी हे सगळं आपल्याला दिसतंय. एक दिवस शिट्टी वाजेल, गिनतीला बोलावतील, की हे सगळं गेलं.

आम्ही त्याची काय थट्टा करायचो म्हणून सांगू!

"शिवा, मग आमी कोण रं?" इस्माईल विचारायचा.

"तुमी लय चांगली माणसं हायसा," शिवराम शांतपणे म्हणायचा. "पर तुमी न्हाईसा."

इस्माईल त्याला कचकचून चिमटा काढायचा. "दुखलं का?"

"दुखलं की. तितंबी दुखतंय."

"आन् ह्यो गूळ? ह्योबी खोटा?"

"गोड हाय."

"खोटा गूळ गोड कसा लागंल, येड्या?"

"उपाशी माणसाला सपनात समदं गोडच लागतंय, गड्या."

यावर आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा. त्याला राग कधी आलाच नाही. नसलेल्या माणसांचा राग काय करायचा?

एका सकाळी त्याची बायको अनसूया शाळेच्या दारात आली. तशी ती कोणाच्या दारात जाणारी बाई नव्हती.

"मास्तर, तुमी थट्टा करताय, पर मला हसू येत न्हाई," ती म्हणाली. "रोज फाटंचं उठून वाकळ घडी करत्यात आन् अंगणात हुबं ऱ्हात्यात, ताठ. कवा शिट्टी वाजंल म्हून. आन् पोरीला एकदाबी उचललं न्हाई त्यांनी. साडेपाच वर्सांची झाली. मी इचारलं तर म्हनत्यात, तिला उचलली आन् तवाच शिट्टी वाजली तर?"

मी गणिताचा मास्तर. मला वाटलं, चुकीच्या उत्तराला एकच उपाय — फळ्यावर सगळ्यांसमोर सोडवून दाखवायचं. त्याची ती गिनती आपणच एकदा घ्यायची, दिवसाढवळ्या, आणि 'संपली, सुटलास' म्हणून मोकळं करायचं. वाटलं, हसत हसत भूत उतरेल.

पौष महिना होता. शिवरामच्या उसात गुऱ्हाळ लागलं होतं. दुपार कलायला लागली होती. चुलवाणाच्या जाळावर मोठी काहील भरून रस नुकताच चढवला होता, गूळ करणारे दोन गुळवे वरची मळी काढत होते. इस्माईल त्या दिवशी दुकान बंद ठेवून आला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत साहेब तपासणीला यायचे होते म्हणून मी सकाळीच न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी करून घेतली होती. हे मुद्दाम सांगतोय.

शिवरामकडून आम्ही इटालियन आकडे शिकलो होतोच. रांगेत प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा — ऊनो, दुए, त्रे, क्वात्रो. पाचवा चिंक्वे. शिवराम सहावा. पाचव्या जागेवर कराडकडचा एक जवान होता, तो तापानं गेला. त्यानंतर ती जागा कोणी भरली नाही, तिथं कोणी उभं राहायचं नाही, असा त्या रांगेतल्या आपल्या माणसांनी नेम केला होता.

इस्माईल उसाचं टिपरू खांद्याला बंदुकीसारखं लावून पहारेकरी झाला. शिवराम हसत हसत उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताला मी.

तो एकदम हसायचा थांबला. "पांडू, तितं हुबा ऱ्हाऊ नगंस."

"का रं? कोण हाय हितं?"

"थट्टा पुरं. ती जागा भरायची न्हाई."

इस्माईलनं पहिले चार आकडे स्वतःच ओरडले. मी छाती काढून — तीच अर्धा इंच कमी असलेली छाती — मोठ्यानं म्हणालो, "चिंक्वे!"

पुढचं जसं आठवतं तसं लिहितो. सजवत नाही.

आधी थंडी वाजली. पौषातली नव्हे — दातांच्या मुळापर्यंत जाणारी. मग पायांकडे लक्ष गेलं. पायांना गोणपाट गुंडाळलेलं होतं. समोर ऊस नव्हता. चिखल होता, त्यापलीकडे काटेरी तार, आणि तारेमागे पांढरेफेक डोंगर. मी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना माणसं ताठ उभी होती. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. उजवीकडून आवाज आला, "से." म्हणजे सहा.

तो शिवराम होता. पण गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, डोळे तेवढे त्याचे.

मी ओरडलो, पळालो, तारेपाशी गेलो. कोणी अडवलं नाही. तारेच्या कडेनं चालत राहिलो तर शिट्टी वाजली, आणि मी पुन्हा रांगेत, पाचव्या जागेवर. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला गेलो. शिट्टी... रांग. काय करतोय हे कळायच्या आत तोंडातून आकडा निघायचा. पाण्यासारखं सूप मिळायचं, त्यात सलगमाच्या दोन फोडी. भूक खोटी नव्हती. मी एकेक सकाळ मोजत होतो. मोजणं तेवढंच मला येत होतं. आई आठवायची, शाळा आठवायची. सुरुवातीला खात्री होती, की हे स्वप्न आहे.

मग दहाव्या का अकराव्या सकाळी तारेपलीकडे मला वाफ दिसली. गोड वास आला. वाफेत इस्माईल खांद्याला टिपरू लावून उभा होता, हसत होता. आणि माझ्या मनात आलं — भूक लागली की असं दिसतं तर!

त्या क्षणाइतका मी कधी घाबरलो नाही. आजवर नाही. कारण मला ते पटलं होतं. गाव, शाळा, आई... हे सगळं मीच तारेला टेकून रचलंय, हे गणित बरोबर सुटत होतं. कुठंच चूक सापडत नव्हती.

एकोणिसाव्या सकाळी शिवराम पहिल्यांदा बोलला. मान न वळवता, ओठ न हलवता.

"तू कशाला आलास रं?"

मला रडू फुटलं.

"ऐक. आज आकडा बोलू नगंस. ती परत मोजतील, धा डाव मोजतील. समद्यांस्नी थंडीत हुबं करतील. मानसं पडतील, तुला शिव्या देतील. तोंड उघडू नगंस."

"आन् तू?"

"माझी जागा भरल्याली हाय," तो म्हणाला.

शिट्टी वाजली. चौथ्यानं आकडा दिला. मी दात आवळले. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. पुन्हा. माझ्या मागं कोणीतरी धपकन चिखलात पडलं. कोणी कानडीत, कोणी पंजाबीत शिव्या घालत होतं. जीभ आपोआप वर जात होती म्हणून मी ती चावली. तोंडात रक्त आलं. सातव्या-आठव्या वेळी शिवराम एकटाच म्हणाला, "से," आणि त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला...

डोळे उघडले तर गुऱ्हाळ. शिवराम माझ्या तोंडावर पाणी मारत होता. हा आपला शिवराम, दाढी केलेला. ऊन उतरलं होतं. रस चढवला तेव्हा मी आकडा बोललो होतो, आणि आता गुळवे काहील उतरवत होते. फार तर अडीच तास.

"आधी वाटलं, नाटक करतोय," इस्माईल रडकुंडीला येऊन सांगत होता. "मी हसत व्हतो रं! मग हात लावला तर लाकूड. हलंना, बोलंना." आणि तो थांबला. त्यानं माझ्या हनुवटीला हात लावला.

माझ्या तोंडावर दाढी होती. खुंट नव्हेत, बोटात धरता येईल अशी दाढी. दोन्ही गुळव्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी न्हावी वस्तरा हातात धरून नुसता बघत राहिला. "मास्तर, काल सकाळी मीच केली न्हवं?" एवढंच म्हणाला, आणि पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी 'फिट' म्हणून सांगितलं. दाढीचं विचारलं तर म्हणाले, तुमच्या आठवणीत घोटाळा असेल.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

दोन दिवसांनी मी सगळं इस्माईलला सांगितलं, आणि त्याच्याकडून ते शिवरामच्या कानावर गेलं. शिवरामचं तेवढं मी त्यातून वगळलं होतं. तो संध्याकाळी शाळेत आला. पोरं गेली होती. समोरच्या बाकावर बसला.

"पांडू, तू तितं गेलतास," तो म्हणाला. "डोंगर सांगितलास, सलगम सांगितलंस. पायाचं गोणपाट तर म्या कुणालाच सांगितलं न्हवतं. आता मला एकच सांग. सहाव्या जागंवर कोण व्हतं?"

मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, की उत्तर येत नसेल तर कोरं ठेवा, पण खोटं लिहू नका. शिवराम माझ्याकडे बघत होता. डोळे तेच होते.

"कुणी न्हवतं," मी म्हणालो. "सहावी जागा रिकामी व्हती."

"नीट बघितलंस?"

"माझ्या उजव्या हाताला, शिवा. एकोणीस दिवस. जागा रिकामी."

तो बाकावर डोकं ठेवून रडला. मोठ्यानं, घरी परतलेल्या माणसासारखा रडला.

दुसऱ्या दिवसापासून तो अंगणात उभा राहिला नाही. आठ दिवसांनी रहिमतपूरच्या बाजारात मी त्याला पाहिलं — लेक खांद्यावर, तिच्या हातात रेवडी. पुढे त्याला दोन मुलगे झाले. त्याचा गूळ सांगलीच्या पेठेत नावाजला गेला. छत्तीस वर्षं जगला, भरपूर जगला. त्याच्या दहाव्याला अनसूयावहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी त्यांस्नी त्या टायमाला कायतरी सांगितलं. काय, ते त्यांनी मला कवाच सांगितलं न्हाई." मीही सांगितलं नाही.

या सगळ्याचा अर्थ काय, मला ठाऊक नाही. फिट म्हणा, मनाचे खेळ म्हणा. दाढीचं तेवढं कोणी समजावून द्यावं. मी खोटं बोललो याचा पश्चात्ताप मला नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

पण ज्यानं मला तिथून सोडवलं, तो दाढीवाला माणूस रांगेतच उभा राहिला होता. मी त्याला साधं 'येतो' सुद्धा म्हणालो नाही. तोंड उघडायचं नव्हतं ना.