दावाचं दुसरं नाव

ल्हाक्पा डोल्मा मॉरिसव्हिलला आमच्या घरी पहिल्यांदा आली ती २००३ च्या सप्टेंबरात. माझी मुलगी अनिका तेव्हा तान्ही होती, तिला सांभाळायला बाई हवी होती. अनिकाला नागपुरी बोलीत चुचकारत मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "नागपूरच्या आहा का जी तुम्ही? मग मराठीतच बोला ना."

मी बघतच राहिले. ल्हाक्पा गोंदियाकडच्या, गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत वाढलेली. दर हिवाळ्यात आईवडलांबरोबर नागपुरात स्वेटर विकायला बसायची, मराठी तिथलीच. नवरा तरुणपणीच गेला. दिल्लीच्या एका कुटुंबाबरोबर कामाला म्हणून ती अमेरिकेत आली आणि आश्रयासाठी अर्ज करून इथंच राहिली. मुलगी मागे, आजीपाशी.

माझा नवरा शैलेंद्र तिला 'मिसेस डोल्मा' म्हणायला लागला, तेव्हा ती हसली.

"डोल्मा आडनाव नाही जी. आमच्यात आडनाव नसतेच. डोल्मा देवीचं नाव. ल्हाक्पा म्हणजे बुधवार, बुधवारी झाली म्हणून. पोरगी सोमवारची, म्हणून दावा."

"म्हणजे आमच्याकडची सोमी आणि बुधी," मी म्हटलं.

"तेच तं. पण दावा म्हणजे चंद्रही."

रोज सकाळी अनिकाला दूध पाजून झालं की ती वसाहतीत फोन लावायची. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. तिबेटी मला कळत नसे, पण त्यातलं 'दावा' तेवढं कळायचं. एका फोनमध्ये ते किती वेळा यायचं, आणि दर वेळी वेगळं. रागावलेलं, लाडातलं, हसता हसता अर्धवट सुटलेलं.

२००५ मध्ये दावाच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. तेव्हा ती बारा वर्षांची होती. नागपुरात दवाखाना सुरू झाला. ल्हाक्पाच्या अर्जाचा निकाल अजून लागला नव्हता. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, आणि तिकडचे उपचार तिच्याच पगारावर चालले होते. ती गेली नाही.

एके दिवशी फोन ठेवून ती स्वयंपाकघरातच खाली बसली.

"आईनं फोन घेतला," ती म्हणाली. "मी म्हटलं, दावाला दे. तं म्हणे, दावा इथं नाही. त्सेरिंग आहे."

पोरीचं दुखणं हटत नाही म्हणून आजी तिला लामांकडे घेऊन गेली होती. लामांनी नाव बदलून दिलं होतं, त्सेरिंग यांगझोम. त्सेरिंग म्हणजे दीर्घायुष्य. आता जुनं नाव कुणीच घ्यायचं नव्हतं. जुन्या नावाची मुलगी संपली, ही दुसरीच आहे, असं सगळ्यांनी वागायचं.

त्यानंतर ल्हाक्पा भांडी घासताना, अनिकाला झोपवताना पुटपुटत राहायची, "त्सेरिंग, त्सेरिंग." जीभ वळावी म्हणून. फोन लावण्याआधी क्षणभर डोळे मिटायची. पूर्वीसारखं बोलणं मात्र उरलं नाही. प्रत्येक वाक्य ती जपून टाकायची.

हिवाळा सरता सरता दावाला पुन्हा दवाखान्यात ठेवलं. आजीनं फोन तिच्या कानाला लावला. मी शेजारीच होते. पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आमा." आणि ल्हाक्पाच्या तोंडून गेलं, "दावा!"

तिनं हातानं तोंड दाबून धरलं. मग घाईघाईनं नवं नाव घेत राहिली, पुन्हापुन्हा. त्याच आठवड्यात मुलगी गेली.

माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. ती ल्हाक्पाजवळ जाऊन बसली.

"माझ्या आईची दोन मुलं गेली होती," ती म्हणाली. "म्हणून माझ्या भावाचं नाव धोंडू ठेवलं, नाक टोचलं. तो जगला. पुढं बहिणीचं नाव दगडी ठेवलं. ती नाही राहिली. नावात काही नसतं गं, बाई."

ल्हाक्पानं मान वर केली.

"तिला कोणी चुकून दुसऱ्या नावानं हाक मारली होती का, काकू?"

 आईनं तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतून लामांचाच फोन आला. गेलेल्याला पुढच्या जन्माची वाट दाखवायला सात आठवडे प्रार्थना चालणार होत्या. कोणत्या नावानं करायच्या, असं ते ल्हाक्पाला विचारत होते. ल्हाक्पा फोन घेऊन खिडकीशी गेली. मग म्हणाली, "दावा." नंतर मला म्हणाली, "ताई, त्या नव्या पोरीशी माझी ओळखच झाली नाही. दावाला मी ओळखते. तिलाच वाट दाखवू दे."

काम तिनं सोडलं नाही. अनिका शाळेत जायला लागली, तशी २००७ मध्ये ती मिनेसोटाला गेली. तिथं तिबेटी माणसं बरीच आहेत. वृद्धाश्रमात काम मिळालं, अर्जही मंजूर झाला. २००८ च्या मार्चमध्ये ती वसाहतीत जाऊन आली. परतल्यावर फोनवर म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांबद्दल, वाढलेल्या झाडांबद्दल खूप बोलली. मुलीबद्दल बोलताना मात्र तिनं दोन्हींपैकी एकही नाव घेतलं नाही. 'माझी पोरगी' म्हणाली, तेवढंच.